मागच्या सीटवरच्या बाई

सोमवार, ५ जानेवारी. कोल्हार

करकर, करकर. आज एसटीतून उतरलो आणि कानात तोच आवाज आला, साठ वर्षांपूर्वीचा. आमच्या शाळेत दिपोटी, म्हणजे तपासणीचे साहेब, यायचे तेव्हा त्यांच्या नव्या कातडी बुटांची करकर आधी ओसरीवर ऐकू येई, मग वर्गात. गुरुजी टोपी सारखी करत. आम्ही पोरं मांडी घट्ट करून बसत असू. दिपोटी एखाद्याला उठवत आणि नुसतं म्हणत, "वाच." मला तेव्हा वाटे, जगात सुखी माणूस असेल तर हाच. रोज नवं गाव, रोज नव्या तोंडून कविता.

आज मीच दिपोटी झालो. बूट मात्र रबरी तळाचे, गुडघ्यांपायी. एका संस्थेनं आम्हा निवृत्त मास्तरांना फिरतीवर घेतलं आहे. कोल्हारपासून देवळाली प्रवरेपर्यंतच्या वाड्यावस्त्यांवर शाळा-शाळांत जायचं, तिसरी-चौथीच्या एकेका मुलाला समोर बसवायचं, उतारा वाचायला द्यायचा, कुठे अडखळतो ते बघायचं. फलटणला रिकाम्या घरात भिंतींना कविता म्हणून दाखवण्यापेक्षा हे बरं.

खोली छान आहे. घरमालक भाऊसाहेब खाली राहतात, ट्रॅक्टर-टेम्पोवाले, ऐसपैस माणूस. माझ्या खोलीला बाहेरून लोखंडी जिना. खिडकीतून ऊस, ऊस आणि ऊस. वरचे तुरे वाऱ्यावर असे हलतात की सगळा वर्ग एकदम "मी सांगू, गुरुजी?" म्हणून हात वर करतो आहे असं वाटतं. मन भरून आलं.

मंगळवार, ६ जानेवारी

फिरतीचं सुख आणि दुःख एकाच दिवसात चाखलं. दुःख असं: रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, एकामागे दुसरी जोडलेली, आणि त्यांच्यामागे आम्ही, धूळ खात. शाळेत चहा इतका गोड की चमचा उभा राहावा, आणि नाही म्हणायची सोय नाही. परक्या उशीनं मान धरली ती धरलीच. सुख असं: राहात्याकडचे पेरू, तिखटमीठ लावून, गाडीतच. दुपारी गुऱ्हाळावरचा गरम गूळ. आणि रोज आपल्यासाठी राखलेली खिडकी.

गाडी भाऊसाहेबांची व्हॅन. ड्रायव्हर यशया, इथलाच, ख्रिस्ती. तिशी नुकती ओलांडलेली. बायको दया शाळेत खिचडी शिजवते, मुलगी एंजल पहिलीत. दया माझाही डबा देते. यशयाची जीभ मोठी गोड तिखट. मी उसाच्या तुऱ्यांवर बोलायला लागलो तर म्हणाला, "गुरुजी, कवितेचं ऱ्हाऊ द्या, कंबर सांभाळा. म्होरं खड्डा हाय." मी म्हटलं, तुला कवितेतलं काय कळतं? तर म्हणे, "आमाला काय न्हाई कळत. पर खड्ड्यातलं लई कळतं."

कालव्याच्या वळणावर मात्र त्यानं तोंड मिटलं. हॉर्न वाजवला, समोर कुणी नसताना. आणि आतला आरसा हातानं छताकडे वळवला. वळण मागे पडल्यावरही तो सरळ केला नाही.

गुरुवार, ८ जानेवारी

आज त्या वळणावर मी गाडी थांबवायला लावली. यशया नको नको म्हणत होता. कडेला सिमेंटचा लहानसा ओटा आहे, त्यावर फरशीत बसवलेला फोटो. चाळिशीची बाई, डोळे हसरे. खाली एवढंच: "आमच्या सत्यशीला बाई. मुलांकडून."

वस्तीशाळेवर शिकवत. रोज कोल्हारहून स्कूटरवर येजा. मागच्या हंगामात संध्याकाळी घरी परतताना उसाच्या ट्रॅक्टरनं उडवलं आणि ट्रॅक्टर निघून गेला. कुणाचा, कळलं नाही. एवढं सांगून यशया गाडीकडे परत गेला.

अज्ञात वाहन. हे दोन शब्द मला पाठ आहेत. माझी बायको मंदा नर्स होती, तिचीही फिरतीचीच नोकरी. आठ वर्षं झाली. डंपर होता एवढं कळलं. डॉक्टर म्हणाले, कुणी थोडं आधी आणलं असतं तर. पण डंपर थांबला नाही, आणि पोलिसांच्या लेखी तो अज्ञातच राहिला. तो जिथे असेल तिथे सडून मरो, असं मी रोज सकाळी तोंड धुताना म्हणतो. देवापुढे नाही, आरशापुढे.

ओट्यावरचा पाला झाडला. बाईंना माझी टिटवीची कविता म्हणून दाखवली. मंदा गेल्यावर जुळवली होती, कुणाला कधी ऐकवली नव्हती:

टिटवी गेली माळावरती, ऊन लागले सरू,
दगडांमधली अंडी म्हणती, धीर किती गं धरू?

निघताना सवयीनं हात जोडले आणि जे आपण कुणाच्याही उंबऱ्यावरून उठताना म्हणतो ते म्हणालो, "येतो बाई. तुम्हीही या एकदा आमच्याकडे चहाला."

यशया पांढराफटक. म्हणाला, "गुरुजी, अशा जागी 'या' म्हनत असत्यात व्हय? आमची म्हातारी असती तर तुमच्या तोंडावर हात ठिवला असता." मी हसलो. मेलेल्या माणसाशी रीतीनं वागू नये की काय?

शुक्रवार, ९ जानेवारी

आजच्या शाळेत पाऊल टाकलं आणि मुलं एका सुरात उठली, "नमस्ते सर! नमस्ते बाई!"

मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. हल्ली सगळीकडे "मॅडम" म्हणतात. ही मुलं "बाई" म्हणाली.

मुख्याध्यापकांनी दोन कप चहा पाठवला. मी म्हटलं, एकच पुरे. तर शिपाई म्हणाला, "बाईंचा न्हाई का?" आणि माझ्या शेजारच्या खुर्चीकडे बघून कप तिथे ठेवून गेला. चहा निवला. पण साय धरली नाही, कुणी मधूनच ढवळावा तसा.

परतताना गाडीत खडूचा आणि खोबरेल तेलाचा वास. मंदा गेल्यापासून माझ्या शेजारी असा घरचा वास आला नव्हता.

सोमवार, १२ जानेवारी

दूरच्या वस्तीवरची शाळा. चौथीतली एक मुलगी समोर बसली. मी उतारा दिला. तिनं कागदावर बोट ठेवलं आणि स्वच्छ आवाजात वाचलं:

टिटवी गेली माळावरती, ऊन लागले सरू—

कागदावर तर बैलगाडीचा धडा होता. विचारलं, बाळ, ही कुणी शिकवली? म्हणाली, बाईंनी, आत्ता, बाहेर ओळीत उभं असताना. आणि बाईंनी सांगितलंय की ही सरांची आहे, नीट म्हणा.

घाबरायला हवं होतं. खरं लिहितो: डोळ्यांत पाणी आलं. माझी कविता कुणीतरी पाठ केली होती. परत येताना मी मागच्या सीटवरची माझी पिशवी उचलून मांडीवर घेतली. बाईंना नीट बसता यावं म्हणून.

यशयानं आरशावर फडकं बांधलं.

गुरुवार, १५ जानेवारी

काल संक्रांत झाली. आज मुलांनी तिळगूळ दिला, प्रत्येकानं दोन-दोन वड्या. एक सरांना, एक बाईंना. तिसरीतला एक चुणचुणीत मुलगा वाचून झाल्यावरही उठेना. म्हणाला, "सर, तुमी फक्त वाचायलाच लावता. बाई इचारत्यात बी." काय विचारतात? तर म्हणाला, "ट्रॅक्टर कुनाचा हुता, ते."

मग एकेकाला विचारलं. सगळ्यांना तोच प्रश्न. मी उतारा पुढे सरकवतो आणि बाई माझ्या पाठीमागून वाकून विचारतात: कालव्यावर त्या संध्याकाळी लाल ट्रॅक्टर कुणाचा होता?

आत्ता कळलं, त्या चहाला का आल्या. पोरांना गावातलं सगळं ठाऊक असतं, मोठी माणसं काय दाबून ठेवतात तेसुद्धा. पोलीस पोरांना विचारत नाहीत. आणि बाईंना त्या ओट्यावरून उठून शाळाशाळांत जायला कुणाची तरी सोबत हवी होती.

मिळाली. बाई, हक्कानं बसा. एका तरी अज्ञात वाहनाला नाव मिळू दे. मंदासाठी मला कधी एवढंही करता आलं नाही.

शुक्रवार, १६ जानेवारी

आज मीच विचारलं. उतारा बाजूला ठेवला आणि सरळ विचारलं. दाताची खिडकी पडलेल्या एका मुलीनं सांगितलं, तिच्या चुलत्यानं पाहिलं होतं. लाल ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही. कोल्हारच्या भाऊसाहेबांचा. चालवत कोण होतं ते अंधारात दिसलं नाही. भाऊसाहेबांनी चुलत्याला दम दिला आणि ट्रॅक्टर त्या आठवड्यात गॅरेजात होता असं सगळीकडे सांगितलं.

माझे घरमालक. ज्यांच्या घरी मी रोज संध्याकाळी टीव्हीवर बातम्या बघतो.

मागून शाबासकी द्यावी तसा खांद्यावर गार हात पडला. मी मान वळवली नाही. नुसतं म्हणालो, ऐकलंत ना?

शनिवार, १७ जानेवारी

भाऊसाहेब गेले. भर दुपारी, आपल्याच अंगणात. लाल ट्रॅक्टर बंद होता, किल्ली घरात खिळ्याला. तरी उसानं भरलेली ट्रॉली मागे सरकली आणि भिंतीपाशी फोनवर बोलत असलेल्या भाऊसाहेबांना—. मी खिडकीतून पाहिलं. ट्रॅक्टरच्या सीटवर कुणी नव्हतं. स्टिअरिंग मात्र हळूहळू, व्यवस्थित वळत होतं. नवशिक्या पोराचा हात धरून अक्षर गिरवून घ्यावं तसं.

खाली रडारड. मी पलंगावर बसलो. मला बरं वाटत होतं. दोन घास जास्त जेवलो.

सोमवार, १९ जानेवारी

यशयानं संध्याकाळी गाडी घरी ठेवली आणि मला पायी प्रवरेच्या घाटावर नेलं. गाडीत बोलायचं नाही म्हणाला. पाण्यात पाय सोडून बसला आणि कुजबुजत सांगितलं.

त्या संध्याकाळी ट्रॅक्टरवर तोच होता. नेहमीचा ड्रायव्हर तापानं पडलेला. भाऊसाहेब म्हणाले, एवढी एक खेप मार. मागे दिवा नव्हता. वळणावर ट्रॉलीबाहेर आलेल्या उसानं बाईंना स्कूटरवरून ओढलं. हे भाऊसाहेबांखेरीज कुणालाच ठाऊक नाही, दयालाही नाही. "मला रोज दिसत्यात, गुरुजी. तुमी यायच्या आधीपासनं, त्या वळनावर, आरशात. तुमी बोलवल्यापासनं सीटवरच बसत्यात. मालकाचं नाव घावलं, आता माजं हुडकतील. तुमी माजं नाव घेऊ नका. एंजलची आन हाय तुमाला."

मी त्याचा हात धरला. शब्द दिला. आपल्या पोरासारखा वाटला मला तो. विचारलं, लगेच गेल्या का बाई?

म्हणाला, न्हाई. पानी मागत हुत्या. माझ्याजवळ बाटली हुती. मी घाबरलो, गुरुजी. तसाच निघून आलो.

त्याचा हात माझ्या हातातून कधी सुटला, कळलं नाही.

मंगळवार, २० जानेवारी

तब्येतीचं सांगून शाळेवर गेलो नाही. पाण्याचा पेला समोर ठेवून बसलो आहे. पीत नाही. मंदानं मागितलं असेल का पाणी? डंपरमध्येही बाटली असेल. असतेच ड्रायव्हरजवळ.

तोही कुणाचा तरी बाप असेल. गोड बोलत असेल. त्याच्याही बायकोच्या हातची भाजी चांगली होत असेल.

मग काय, सगळेच सुटणार?

बुधवार, २१ जानेवारी

सकाळच्या एसटीनं एकटाच वळणावर उतरलो. कंडक्टर म्हणाला, आजोबा, इथं कुठं उतरता, इथं गावच न्हाई. मी म्हटलं, काम आहे.

ओट्यावर पाण्याची बाटली उघडून ठेवली. हात जोडले. आणि सांगितलं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.

ऊस हलायचा थांबला. सगळा वर्ग एकदम चिडीचूप.

मला वाईट वाटलं नाही. परतीच्या गाडीत खिडकी मिळाली, ऊन कोवळं होतं. आठ वर्षांत पहिल्यांदा मी आरशासमोर काही न बोलता तोंड धुतलं.

गुरुवार, २२ जानेवारी

यशया डबा घेऊन वर आला. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. चेहरा हलका. म्हणाला, काल रात्री दयाला सगळं सांगितलं. ती खूप रडली, मग म्हणाली, जा आणि कबूल कर. फादरांनाही भेटून आला. शनिवारी राहुरीला वकिलासोबत पोलिसांत हजर होणार. "तुमच्यामुळं धीर आला, गुरुजी. तुमी माझं ऐकून घेतलं, कुनाला बोलला न्हाई." आणि वाकून माझ्या पायांना हात लावला.

मी डबा घेऊन खिडकीत ठेवला.

त्याच्या मागे, जिन्याच्या तोंडाशी, खोबरेल तेलाचा वास होता. पण माझ्यासाठी नव्हता. तो उतरला तसा वासही उतरला. त्याच्याबरोबर.

शुक्रवार, २३ जानेवारी

सकाळी जाऊन ओट्यावर डोकं ठेवलं. म्हटलं, बाई, थांबा. तो उद्या हजर होतो आहे. कायद्यानं होऊ द्या. मी रागाच्या भरात— तो नाही, दुसराच होता असं समजा.

आयुष्यभर मुलांना शिकवलं, एकदा दिलेलं उत्तर खोडायचं नाही. काय बोलतो आहे मी!

परवा उघडून ठेवलेली बाटली रिकामी होती.

शाळेत गेलो. मुलं म्हणाली, नमस्ते सर. एवढंच. विचारलं, बाई? एकमेकांकडे बघून हसली. कोणत्या बाई, सर?

यशयाला फोन केला. म्हटलं, गाडी काढू नकोस, उद्या बसनं जा, पायी जा, पण गाडी— म्हणाला, का वो गुरुजी? कारण सांगायला तोंड उघडलं. भीती बाईंची नव्हती. त्याची वाटली. तो मला काय म्हणेल याची.

नुसतं म्हणालो, माझं ऐक. हसला. म्हणाला, व्हय, व्हय. तुमी आराम करा.

शनिवार, २४ जानेवारी. दुपार

दयाचा फोन. आधी नुसतं रडणं.

व्हॅन कालव्यात. सकाळीच. रस्ता मोकळा, समोरून कुणी नाही. बघणारे म्हणतात गाडी आपणहून वळली, हळू, घाई नसल्यासारखी. दार उघडेना. आत तो आणि शेजारी— दया म्हणते, पुढच्या सीटचा पट्टाही लावलेला होता. रिकाम्या सीटचा.

बाहेर काढला तेव्हा संपला होता. एंजल शाळेत आहे. तिला अजून—

मी. मी केलं हे. बाईंनी नाही. त्यांनी फक्त विचारलं होतं.

मला तिकडे गेलं पाहिजे. उठवत नाही. दयाला काय सांगू—

नंतर

जिना वाजतो आहे. लोखंडावर पावलं. ओली, सपसप.

बाईच. माझ्यासाठी आल्या. येऊ देत. चहाला या म्हटलं होतं, आता नाही कसं म्हणू. दार मीच उघडतो. उभा राहिलो—

बाईंची पावलं नव्हेत ही. जड आहेत. बुटांची.

टकटक.

तेल नाही, खडू नाही. कालव्याच्या गाळाचा वास. आणि आवाज. तोच, गोड, हळू. गुरुजी, दार उघडा. घाबरू नका, लई येळ न्हाई घेत.

यशया.

बाई आता शांत झाल्यात, म्हणतो आहे. त्यांचं काम झालं, त्या गेल्या. माझं एक ऱ्हायलंय. येवढंच इचारायचंय, गुरुजी. मालक तर आधीच मेल्ता. दया माझी बायको, फादर काय बोलनार न्हाईत. मग त्यास्नी माजं नाव कुनी—

दाराखालून पाणी येतंय. पलंगापर्यंत—

कडी मी लावली होती. मी स्वतः लावली होती, आणि ती आता हळूहळू, अक्षर गिरवावं तशी—

नाही, यशया, ऐक, मी तुला सांगतो, मी तेव्हा मंदाच्या—